आज्ञा पाळणारे एन्झाइम

नवरात्रातली सातवी माळ होती. अतिदक्षता विभागातून सकाळच्या पहिल्या फेरीत आलेल्या रक्ताच्या एका नमुन्यात सोडियम ११४ निघाले, तेव्हा आमच्या टेक्निशियनने शिरस्त्याप्रमाणे तोच नमुना पुन्हा लावला, कंट्रोल तपासले आणि मगच मला बोलावले. निरोगी माणसाच्या रक्तात सोडियम साधारण १३५ ते १४५ या मर्यादेत असते. ११४ ही मेंदूला सूज येऊन झटके येण्याची पातळी आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री विभागाचे काम मी पाहते. असा आकडा आला की तो छापून वर पाठवणे पुरेसे नसते. आधी फोनवर सांगायचे, समोरच्याकडून तो आकडा परत वदवून घ्यायचा आणि वहीत वेळ लिहायची, अशी आमच्याकडची पद्धत आहे. मी फोन केला तेव्हा कळले की झटका रात्रीच येऊन गेला होता आणि तो थांबवण्यासाठी फेनिटॉइन सुरू केले होते.

रुग्ण होती तेवीस वर्षांची मुलगी. चार दिवसांपासून पोटात असह्य कळा, उलट्या आणि बद्धकोष्ठ. तालुक्याच्या एका रुग्णालयात दोन दिवस काढून ती आमच्याकडे आली होती. सोनोग्राफी साफ, सीटी स्कॅन साफ, पोट दाबून पाहिले तर मऊ. नाडी १३० आणि रक्तदाब १६०/१०० होता, या वयाला न शोभणारा. वर्षभरापूर्वी अशाच दुखण्यात तिचे अपेंडिक्स काढले गेले होते आणि ते निरोगी निघाले होते. आधीच्या ठिकाणच्या कागदांवर शेवटी ‘मानसिक तणाव’ असे निदान लिहिलेले होते, कारण दिवाळीनंतर तिचे लग्न ठरले होते आणि एवढे दुखत असूनही पोटात काहीच सापडत नव्हते. जिच्या नाडीचा वेग दीड पटीने वाढला आहे, तिच्या दुखण्याला मनाचे खेळ म्हणणे मला आजही पटत नाही. नाडी काही कोणाच्या सांगण्यावरून १३० होत नाही.

सोडियम कशाने उतरले याचा विचार करत मी लघवीचा नमुना मागवून घेतला. सोडियम आणि ऑस्मोलॅलिटी तपासायची होती. त्याच वेळी टेक्निशियन एक वेगळीच बाटली घेऊन आला.

“मॅडम, ही लघवी बघता का जरा? सकाळी सहाला आली तेव्हा साधी पिवळी होती. मी रूटीनला लावून उरलेली खिडकीपाशी स्टँडवर ठेवली होती.”

बाटलीतला द्रव आता पोर्ट वाइनच्या रंगाकडे झुकला होता. त्यानेच सकाळी केलेल्या तपासणीची पट्टी सांगत होती की रक्त नाही, बिलिरुबिन नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशीही नव्हत्या. म्हणजे हा रंग रक्ताचा किंवा काविळीचा नव्हता, आणि तो शरीरात असताना नव्हता तर उजेडात ठेवल्यावर आला होता. पोटदुखी, बद्धकोष्ठ, जलद नाडी, उतरलेले सोडियम, झटका आणि उजेडात गडद होणारी लघवी या गोष्टी एका ओळीत मांडल्यावर बायोकेमिस्ट्री शिकलेल्या कोणाच्याही डोळ्यांपुढे एकच नाव येते, ते म्हणजे पोर्फिरिया, रक्ताला लाल करणारे हीम शरीरात तयार होताना होणारा बिघाड. पाठ्यपुस्तकात सगळे वाचतात, परीक्षेत हमखास विचारले जाते, आणि प्रत्यक्षात पाहायला मात्र फार थोड्यांना मिळते.

ही शंका पडताळायला महागडे यंत्र लागत नाही. युरोबिलिनोजेन पाहण्यासाठी प्रत्येक जुन्या प्रयोगशाळेत एर्लिखचे रिएजंट असते. मी वॉर्डातून ताजी लघवी मागवली, परीक्षानळीत दोन मिलिलिटर घेतली, तेवढेच रिएजंट घातले, आणि थोड्याच वेळात नळीत चेरीसारखा लाल रंग उतरला. पण युरोबिलिनोजेननेही असाच रंग येतो, म्हणून तेवढ्यावर थांबता येत नाही. त्यात सोडियम ॲसिटेटचे संपृक्त द्रावण घातले, मग क्लोरोफॉर्म घालून नळी नीट हलवली आणि दोन थर वेगळे होण्याची वाट पाहिली. युरोबिलिनोजेनचा रंग क्लोरोफॉर्मबरोबर खाली उतरतो. इथे खालचा थर नितळ राहिला आणि सगळा लाल रंग वरच्या पाण्याच्या थरात थांबला. तो थर वेगळा काढून त्यात ब्युटेनॉल घालून पाहिले. तरीही रंग पाण्यातच राहिला. शेजारच्या नळीत टेक्निशियनच्या लघवीवर हेच सगळे केले होते, ती फिकट पिवळीच होती. हा पोर्फोबिलिनोजेन होता, म्हणजे पीबीजी, हीम तयार होतानाच्या वाटेवरचा एक मधला पदार्थ, आणि तोही भरपूर. उरलेला नमुना काळ्या कागदात गुंडाळून, बर्फात ठेवून नेमक्या मोजमापासाठी बाहेरच्या संदर्भ प्रयोगशाळेत पाठवण्याची व्यवस्था केली, पण त्या आकड्याची वाट पाहायला वेळ नव्हता. मी नळ्यांचा स्टँड हातात घेऊन तसाच आयसीयूत नेला.

तिथल्या फिजिशियन सरांना वरच्या थरातला रंग दाखवला तेव्हा त्यांनी सर्वांत आधी विचारले ते हे, की आत्ता चालू असलेल्या औषधांपैकी कोणते थांबवायचे. मी म्हटले, “सर, पहिल्यांदा फेनिटॉइन.” त्यांनी तिथेच सिस्टरना सांगून ते बंद करायला लावले आणि पुढच्या झटक्यासाठी लेव्हेटिरॅसिटाम लिहिले. मग ते म्हणाले, “आता मला नीट समजावून सांगा. कारण मला ही सगळी ऑर्डर बदलायची आहे आणि उद्या सकाळी राउंडला उत्तर द्यायचं आहे.” नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर एका कोऱ्या केसपेपरच्या मागच्या बाजूवर मी त्यांना जे काढून दाखवले, ते मला इथे जरा सविस्तर सांगायचे आहे, कारण या मुलीच्या आजाराचे सगळे मर्म त्यातच आहे.

हिमोग्लोबिनमधला लाल भाग म्हणजे हीम. ते फक्त रक्तासाठी लागते असे नाही. शरीरातले पाच भागांतले चार भाग हीम अस्थिमज्जेत तयार होते हे खरे, पण उरलेल्यातला मोठा वाटा यकृत तयार करते, आणि तो बव्हंशी सायटोक्रोम पी४५० या एन्झाइमांसाठी खर्च होतो. आपण घेतलेली बहुतेक औषधे आणि शरीरातली कितीतरी संप्रेरके याच एन्झाइमांकडून निकामी केली जातात. ग्लायसिन हे अमिनो आम्ल आणि सक्सिनिल को-ए यांपासून सुरुवात होऊन हीम तयार होईपर्यंत आठ एन्झाइमांच्या आठ पायऱ्या आहेत. पहिली पायरी एएलए सिंथेजची; ते एएलए नावाचा रेणू तयार करते. दुसऱ्या पायरीवर पीबीजी तयार होते. तिसरी पायरी पीबीजी डीअमिनेजची, आणि या मुलीच्या आजारात, म्हणजे ॲक्यूट इंटरमिटंट पोर्फिरियात, या तिसऱ्या एन्झाइमच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक प्रत जन्मतः सदोष असते. त्यामुळे ते एन्झाइम निम्मेच तयार होते.

आता लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की निम्मे एन्झाइम पुरेसे असते. या सदोष प्रतीचे वारसदार असलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यभर या आजाराचा एकही झटका येत नाही. मग आजार येतो कुठून? तो पहिल्या पायरीवरून येतो. एएलए सिंथेज, ज्यात कसलाही दोष नाही, जे प्रत्येक आज्ञा चोख पाळते, ते एरवी अगदी थोड्या प्रमाणात असते आणि म्हणूनच साऱ्या साखळीचा वेग तेच ठरवते. पुढच्या पायऱ्यांची क्षमता त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त असल्याने निम्मे पीबीजी डीअमिनेजही सहज पुरते. पण कोणत्याही कारणाने एएलए सिंथेज कित्येक पटींनी वाढले, तर धरणाचे दरवाजे उघडावेत आणि खालची मोरी अर्धी बुजलेली असावी, तशी गत होते. तुंबलेले एएलए आणि पीबीजी रक्तात उतरतात. पीबीजी लघवीतून बाहेर पडते आणि उजेडात, हवेत गडद होते. एएलए मात्र मज्जातंतूंना बाधते असे मानले जाते. पोटाच्या मज्जातंतूंना बाधा झाली की कळा आणि बद्धकोष्ठ, मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांना झाली की सोडियम उतरणे, हातापायांच्या मज्जातंतूंना झाली की लुळेपणा. सीटी स्कॅनमध्ये पोट साफ दिसले याचे कारण हेच. दुखत होते ते पोटातल्या कोणत्याही अवयवाच्या रोगाने दुखत नव्हते.

मग प्रश्न राहतो तो नियंत्रणाचा. पेशीला एन्झाइमचे काम कमी-जास्त करायचे असेल तर तिच्याकडे दोन मार्ग असतात. एक मार्ग तयार असलेल्या एन्झाइमच्या रेणूला आवर घालण्याचा. १९५६ मध्ये अमेरिकेत एडविन अम्बार्गर यांनी जिवाणूंमध्ये दाखवले की आयसोल्यूसिन हे अमिनो आम्ल पुरेसे झाले की ते स्वतःच आपल्या साखळीतल्या पहिल्या एन्झाइमला थांबवते. हे क्षणार्धात होते आणि क्षणार्धात सुटते. दुसरा मार्ग एन्झाइम तयार होण्याचाच वेग बदलण्याचा, म्हणजे त्याच्या जनुकावरून संदेशवाहक आरएनए किती निघावा हे ठरवण्याचा. पॅरिसमध्ये फ्रान्स्वा जेकब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये ओपेरॉनची, म्हणजे एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांच्या गटाची, कल्पना मांडून हा मार्ग उलगडला आणि १९६५ मध्ये त्यांना, आंद्रे ल्वॉफ यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले. हा मार्ग सावकाश चालतो, तासांच्या हिशेबाने.

यकृतातल्या एएलए सिंथेजवर पेशीने मुख्यतः हा दुसरा मार्ग वापरला आहे. त्याचा लगाम खुद्द हीमच्या हातात असतो. हीम पुरेसे असले की ते जनुकावरून संदेश निघणे कमी करते, निघालेला संदेश लवकर नष्ट होऊ देते, नव्याने तयार झालेल्या एन्झाइमला त्याच्या कामाच्या जागी, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, शिरू देत नाही, आणि आत पोहोचलेल्याचेही विघटन वाढवते. एकाच लगामाचे इतके पदर असलेली दुसरी उदाहरणे मी शिकवताना शोधत असते, आणि ती फार सापडत नाहीत. त्यात हे एन्झाइम मुळातच अल्पायुषी असते. प्राण्यांच्या यकृतात मोजलेले त्याचे अर्धायुष्य तासाभराच्या आसपास भरते. त्यामुळे लगाम सुटला तर ते काही तासांत भरमसाट वाढते, आणि लगाम पुन्हा ओढला तर तितक्याच लवकर उतरते. या दुसऱ्या शक्यतेवरच आमची सगळी भिस्त होती.

लगाम सोडवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात सॅम ग्रॅनिक यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या यकृतपेशी बशीत वाढवून त्यांवर एकेक औषध घालून पाहिले. ज्या औषधांनी एएलए सिंथेज वाढे, त्या पेशी अतिनील प्रकाशात लाल चमकू लागत, आणि सोबत हीम घातले की ही वाढ रोखली जाई. फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, रिफाम्पिसिन ही औषधे पी४५०ची मागणी वाढवणारे ग्राहक रेणू जागे करतात, आणि तेच रेणू एएलए सिंथेजचे जनुकही जागे करतात. शिवाय नव्या पी४५०मध्ये हीम खर्ची पडल्याने लगाम आणखी सैल होतो. मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत वाढणारे प्रोजेस्टेरॉनही असेच काम करते. आणि तिसरी गोष्ट उपासमार. रक्तातली साखर आणि इन्सुलिन उतरले की यकृतात पीजीसी-१-अल्फा नावाचे प्रथिन वाढते. साखर नव्याने तयार करण्याची जनुके तेच चालू करते, आणि २००५ मध्ये सिद्ध झाल्याप्रमाणे, एएलए सिंथेजचे जनुकही तेच चालू करते. उपाशी यकृताच्या दृष्टीने ही सगळी योग्य तजवीज आहे. तिसऱ्या पायरीवर निम्मे एन्झाइम असलेल्या माणसाला मात्र तीच तजवीज भोवते.

सर सगळे ऐकून घेत होते. त्यांनी कागदावरच्या तीन बाणांपैकी फेनिटॉइनच्या बाणावर फुली मारली आणि म्हणाले, “पाळी आणि उपवास यांचं आईला विचारायला हवं.”

आई बाहेर बाकावर बसून होती. मी विचारल्यावर तिने जे सांगितले त्यात प्रत्येक गोष्ट जागच्या जागी बसत गेली. पोटदुखी गेल्या दोन-तीन वर्षांतली, नेहमी पाळीच्या आधी चार-पाच दिवस. यंदा पाळी नवरात्रातच येणार होती. आणि मुलीने लग्न नीट पार पडावे म्हणून यंदा पहिल्यांदाच कडक उपवास धरला होता; घट बसल्यापासून रोज दोन लवंगा आणि पाणी, एवढ्यावर ती होती. “मी पण धरते हो दरवर्षी,” आई म्हणाली, “पण मी आपली साबुदाणा, भगर, रताळं खाते. तिला म्हटलं होतं, एवढं कडक नको धरूस.” उपवासाच्या पदार्थांविषयी डॉक्टर मंडळी एरवी कुरकुर करतात, ते निव्वळ पिष्टमय आहेत म्हणून; या घरात मात्र साबुदाण्याची खिचडी आणि भगर हेच आईचे संरक्षण होते, हे मी तिला त्या वेळी सांगितले नाही, पण माझ्या मनात ते पक्के बसले. मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. तिचा सख्खा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा, ऐन तिशीत पोटदुखीने अंथरुणाला खिळला होता. हातापायांतली शक्ती जात जात शेवटी श्वास थांबला. गावात कोणी बाहेरचे म्हटले, कोणी विषबाधा म्हटले. निदान झालेच नाही.

आम्हाला सर्वांत जास्त भीती होती ती त्याच मार्गाची. दुपारपर्यंत मुलीला खांद्यातून हात वर उचलता येईनासे झाले होते. या आजारात लुळेपणा अनेकदा दंडांपासून सुरू होतो आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकतो.

उपचार दोन. हीम शिरेतून द्यायचे, म्हणजे लगाम थेट ओढायचा. नाहीतर ग्लुकोज भरपूर द्यायचे, म्हणजे इन्सुलिन वाढून पीजीसी-१-अल्फा खाली येईल आणि लगाम आडवाटेने ओढला जाईल. हीमचे औषध, हेमिन, १९७१ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा अशा रुग्णाला दिले गेले आणि १९८३ मध्ये तिथे दुर्मिळ आजारांच्या औषधांसाठी झालेल्या कायद्याखाली मान्यता मिळालेले ते पहिले औषध ठरले. आपल्याकडे ते सहज मिळत नाही. मागवावे लागते आणि त्यात दिवस जातात. सरांनी त्याची खटपट लगेच सुरू केली. तोवर हाताशी होते ते ग्लुकोज, जे प्रत्येक वॉर्डाच्या कपाटात असते आणि ज्याची किंमत औषधांच्या बिलात दिसतही नाही.

पण तेही सरळ देता येत नव्हते. दिवसाला निदान ३०० ग्रॅम ग्लुकोज हवे. नेहमीच्या दहा टक्क्यांच्या डेक्स्ट्रोजने ते द्यायचे तर तीन लिटर द्यावे लागते, आणि त्यातली साखर पेशींनी वापरली की मागे उरते ते नुसते पाणी. ज्या रुग्णाचे सोडियम ११४ आहे, त्याला तीन लिटर पाणी देणे म्हणजे दुसरा झटका ओढवून घेणे. म्हणून मानेच्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन टाकून पंचवीस टक्क्यांचे डेक्स्ट्रोज दिवसभरात १२०० मिलिलिटर द्यायचे ठरले, आणि सोबत तीन टक्क्यांचे सलाईन अगदी सावकाश, कारण सोडियम चोवीस तासांत आठ-दहापेक्षा जास्त वाढले तर मेंदूला उलट इजा होते. दर चार तासांनी सोडियम, दर दोन तासांनी साखर असे आमच्या विभागाचे काम ठरले. रात्रपाळीच्या टेक्निशियनला मी स्वतः सगळे सांगितले. दुखण्यासाठी मॉर्फिन सुरू झाले. ते या आजारात सुरक्षित आहे, आणि त्या मुलीला पाच दिवसांत पहिल्यांदा झोप लागली.

संध्याकाळी आई पुन्हा भेटली. “मॅडम, तिचा उपवास मोडायला लावू नका हो. दोनच माळा राहिल्यात.” मुलीला उलट्यांमुळे तोंडाने काही देणे तसेही शक्य नव्हते. मी तिला सांगितले की तोंडात काही घालणार नाही, पण शिरेतून साखर जाणार आहे आणि तेच तिचे औषध आहे. देवीचे औषधाशी वैर नसते. तिने हात जोडले. पुढे तीही हिशेब ठेवू लागली की बाटली कितीला संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोडियम १२१ झाले. नाडी १३०वरून ११० आली. हात वर उचलता येत नव्हते, पण त्याहून जास्त काही बिघडले नव्हते. श्वासाची ताकद दर काही तासांनी मोजत होतो, ती टिकून होती. खिडकीपाशी ठेवलेली लघवी अजून गडद होत होती, पण पहिल्या दिवशी जो रंग चार तासांत आला होता त्याला आता संध्याकाळ व्हावी लागे. हे काही मोजमाप नव्हे, हे मला माहीत होते. तरी टेक्निशियनने रोज एक बाटली तिथे ठेवायची आणि आम्ही दोघांनी येता-जाता पाहायची, असे चालले होते. नेमका आकडा नंतर आला आणि त्याने पहिल्याच दिवसाच्या नळीचे म्हणणे खरे केले.

हेमिन आले तोवर दसरा होऊन गेला होता. ते काळपट द्रावण शिरांना दाहक असते, म्हणून अल्ब्युमिनमध्ये मिसळून मोठ्या शिरेतूनच द्यायचे. वजनाच्या दर किलोला तीन ते चार मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, चार दिवस. तिसऱ्या डोसनंतरच्या नमुन्यावर मी पुन्हा एर्लिखची परीक्षा केली. वरच्या थरात जेमतेम गुलाबी छटा होती. तिसऱ्या पायरीवरचे एन्झाइम आधी होते तेवढेच, निम्मेच होते. त्याला आम्ही हातही लावला नव्हता. बदलले होते ते पहिल्या पायरीवरच्या निरोगी एन्झाइमचे प्रमाण. या आजारात यकृत बदलले तर आजार थांबतो हेही त्याचेच प्रमाण आहे, कारण लगाम सुटतो तो यकृतात.

हात उचलायला तिला पुढे काही महिने लागले. मज्जातंतू सावकाशच भरून येतात आणि त्याला फिजिओथेरपीखेरीज जवळचा रस्ता नाही. लग्न पुढे गेले. मुलाकडच्यांनी समजून घेतले हे नोंदवायला हवे.

ज्यांना या आजाराचे झटके वारंवार येतात त्यांच्यासाठी आता आणखी एक औषध आहे. दुहेरी धाग्याचा आरएनए पेशीत सोडला की त्याच्याशी जुळणारा, जनुकाकडून निघालेला संदेश वाटेतच नष्ट होतो, हे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये दाखवले आणि २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याच तत्त्वावरचे गिव्होसिरान हे औषध महिन्यातून एकदा त्वचेखाली टोचतात. त्याला जोडलेल्या साखरेच्या खुणेमुळे ते यकृतपेशींनीच उचलले जाते आणि तिथे एएलए सिंथेजचा संदेशवाहक आरएनए कापला जातो. अमेरिकेत त्याला नोव्हेंबर २०१९ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधीच्या चाचणीत रुग्णांना वर्षभरात येणारे झटके प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या इंजेक्शनच्या, तुलनेत ७४ टक्क्यांनी कमी झाले होते. ज्या एन्झाइममध्ये दोष आहे त्याला न शिवता, ज्याच्यात दोष नाही त्याचा संदेश कमी करून आजार आवरायचा, ही कल्पना मला विद्यार्थ्यांना शिकवताना दर वेळी नव्याने थक्क करते. त्याची किंमत आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे, आणि ते इथल्या रुग्णांपर्यंत पोहोचावे असे मला मनापासून वाटते. आमच्या रुग्णाला सुदैवाने त्याची गरज पडली नाही. पाळीच्या आधीच्या दिवसांत एकही जेवण चुकवायचे नाही एवढ्यावर तिचे भागले आहे.

जनुक तपासणीत आईकडेही तीच सदोष प्रत सापडली, आणि एकोणीस वर्षांच्या धाकट्या भावाकडेही. दोघांनाही कधी काही झालेले नाही. “मग मला कसं काही झालं नाही?” असे आईने विचारले तेव्हा मी तिला तिच्या भगरीबद्दल आणि साबुदाण्याबद्दल सांगितले, आणि हेही सांगितले की बहुतेक वारसदार असेच निरोगी राहतात. तिघांनाही मराठीत छापलेले कार्ड करून दिले आहे: आजाराचे नाव, टाळायची औषधे, चालणारी औषधे, आणि उपाशी ठेवू नये ही सूचना.

मागच्या वर्षी भावाच्या गुडघ्याच्या लिगामेंटचे ऑपरेशन ठरले तेव्हा भूलतज्ज्ञांनी ते कार्ड पाहून मला फोन केला. थायोपेंटोन टाळून प्रोपोफॉल वापरायचे ठरले. आदल्या रात्रीपासून त्याला उपाशी ठेवायचे होते तेवढा वेळ डेक्स्ट्रोज चालू ठेवले, आणि त्याचे ऑपरेशन यादीत पहिले घेतले. ऑपरेशनच्या आधी आणि नंतरचे तीन दिवस आम्ही त्याची लघवी तपासली. पीबीजी वाढले नाही, आणि चौथ्या दिवशी तो कुबड्या घेऊन घरी गेला.